पुरस्काराच्या दिवशी ताई हॉलवर पोचल्या नाहीत

पुरस्काराचा अर्ज मी टाइप केला होता. ताईंना तो कागद टेबलावर दिसला की त्या त्याच्यावर चहाचा कप ठेवायच्या. मग कपाचा गोल डाग पडायचा आणि मला नवी प्रत काढावी लागायची. अशा चार प्रती वाया गेल्यावर मी तो कागद माझ्या खणात ठेवला आणि आमच्यामधल्या कपाटाच्या अलीकडून एकेक रकाना वाचून दाखवायला लागले.

आमचं हॉस्पिटल मोठं, पण मनोविकार विभाग त्याच्या अगदी मागच्या टोकाला, धुलाईघराच्याही पलीकडे. तिथे ताई समाजसेविका आणि मी टंकलेखिका. अठरा वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. खोली पूर्वी कोठीघर होती, म्हणून खिडकी छताला लागून. बाहेर ऊन आहे की ढग आलेत ते बघायला मान वर करावी लागते. मधे एक लोखंडी कपाट, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे ताई. ताईंच्या समोरची खुर्ची पेशंटच्या नातेवाइकांसाठी. तिच्या एका पायाला तार गुंडाळलेली. नवी खुर्ची मागून तीन वर्षं झाली होती. ताई म्हणायच्या, राहू दे, डुगडुगत्या खुर्चीवर माणूस लवकर मुद्द्यावर येतो.

हा पुरस्कार आरोग्य आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात उत्कृष्ट समाजकार्य करणाऱ्याला दरवर्षी दिला जायचा. समाजसेवकांचीच एक संघटना तो द्यायची. ताईंचं नाव सुचवलं होतं आमच्या अधीक्षकांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी. ताईंवर त्यांचं फार प्रेम होतं अशातला भाग नव्हता. हॉस्पिटलची तपासणी व्हायची होती आणि तपासणीच्या कागदांत ‘गौरवप्राप्त कर्मचारी’ असा एक रकाना होता. तो बारा वर्षं कोरा जात होता.

अर्जात ‘मोजता येणारे परिणाम’ असं विचारलेलं. ताई म्हणाल्या, लिही, घरी पाठवलेल्या बायका एकशे बारा. मी लिहिलं. मग म्हणाल्या, त्यातल्या परत आलेल्या एकोणचाळीस, तेही लिही. तेही लिहिलं. मोठ्या साहेबांकडून अर्ज तपासून आला तेव्हा दुसऱ्या आकड्यावर लाल काट मारलेली होती. ताईंनी ती काट पाहिली आणि मला म्हणाल्या, “आता हा अर्ज कुणाचा आहे ते त्यांनाच विचार.”

या कामात ताई काही ध्येयाने पेटून आलेल्या नव्हत्या. कुणी तसं म्हटलं की त्यांना वैताग यायचा. त्यांना हवी होती पोस्टातली नोकरी, ती मिळाली नाही, ही मिळाली. पहिल्याच आठवड्यात एका घरच्यांनी आपल्या सुनेला बाहेरच्या बाकावर बसवलं, ‘औषधं घेऊन येतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच. ती बाई संध्याकाळपर्यंत मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली. तिला तिच्या घरी पोचवून यायला ताईंना तीन महिने लागले. तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं.

त्यांची काम करायची रीत वेगळी होती. हॉस्पिटलच्या गाडीतून त्या कुणाच्या घरी कधी गेल्या नाहीत. गाडीवर विभागाचं नाव असतं, गल्लीत गाडी उभी राहिली की सगळ्या गल्लीला कळतं. ताई बसने जायच्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पत्ता विचारताना विम्याचं काम आहे म्हणून सांगायच्या. एकदा एक दुकानदार खरंच पॉलिसी काढायला बसला. त्याच्या शंका फेडता फेडता ताईंचा अर्धा तास गेला. पेशंटच्या घरची माणसं राहायची नेमकी तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ताईंना जिने चढणं बंद करायला सांगितलं होतं. ताईंचे यजमान वीजमीटरचं वाचन करण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. ते मला फोनवर म्हणायचे, मी आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहिलो पण एक आकडा लिहून परत फिरायचो, हिला ते काही जमत नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या बायकांच्या वॉर्डात एकोणीस जणी अशा होत्या की ज्यांच्या कागदावर डॉक्टरांनी केव्हाच ‘घरी जाण्यास योग्य’ असा शेरा मारलेला. औषधं सुरू, डोकं जागेवर, वागणं तुमच्याआमच्यासारखं. फक्त न्यायला कुणी नाही. इमारतीमागे जुन्या नर्सेसच्या निवासातल्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. त्या खोल्या या बायकांना द्या, चार-सहा जणी आधी तिथे स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, मग बाहेर पडतील, असा प्रस्ताव ताईंनी पाठवला होता. एकदा नव्हे, चारदा. पहिल्यांदा शेरा आला ‘चर्चा करावी’. चर्चा झाली. मग ‘फेरसादर करावे’. ते केलं. मग ‘जबाबदारी कोणाची?’ ताईंनी लिहिलं, माझी. चौथ्यांदा फाइल आली ती शेऱ्याशिवायच. त्या दिवशी ताई म्हणाल्या, “निदान नाही तरी म्हणा. नाही म्हटलं की माणूस भांडायला मोकळा होतो.”

त्या एकोणिसांत एक होती काजवाली. वॉर्डात सगळ्या तिला याच नावाने ओळखत. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाने तिला दाखल केलं. त्याआधी ती घरी बसून कपडे शिवायची. मशीन चालू केलं की तिला त्या आवाजात माणसं बोलताना ऐकू यायची, तिच्याबद्दल वाईटसाईट. पुढे मशीन बंद असलं तरी बोलायची. तिने जेवण सोडलं. दीड वर्षाच्या औषधांनी ती माणसं गप्प झाली. त्यानंतर ती आमच्या शिवणखोलीत बसायला लागली. तिथे फाटक्या चादरी शिवतात, पण तिचा हात काजांवर बसलेला. काज असा सुबक, की हॉस्पिटलभरचे डॉक्टर आपले पांढरे कोट तिच्याकडे पाठवायचे. वय सेहेचाळीस, बोलणं मोजकं, कॉलरमध्ये कायम एक सुई टोचलेली. सिस्टर रोज संध्याकाळी ती सुई मोजून परत घ्यायच्या.

भाऊ पहिली दोन वर्षं दर महिन्याला आला. मग यायचा बंद झाला. पत्रं परत यायला लागली, पत्त्यावर राहत नाही म्हणून. ताईंनी त्याला शोधायचं मनावर घेतलं ते चार वर्षांपूर्वी. जुन्या घराच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एवढंच सांगू शकला की तो माणूस शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. शहरात शाळा किती. ताई एकेका शाळेच्या फाटकाशी, सुटायच्या वेळेला, जाऊन उभ्या राहिल्या. पोरं गाडीत चढवणाऱ्या ड्रायव्हरांचे चेहरे बघत. एका शाळेच्या रखवालदाराने तर त्यांना हटकलं आणि मुख्याध्यापकांसमोर नेऊन उभं केलं. हे सगळं ओळखपत्र खिशात असताना. पण ते दाखवलं असतं तर भावाची गाडी कुठल्या कारणासाठी शोधतायत ते सांगावं लागलं असतं. ताई काहीतरी थाप मारून सुटल्या, त्या दिवशी ऑफिसात येऊन पाण्याचे तीन ग्लास प्यायल्या आणि म्हणाल्या, उद्या दुसरी शाळा.

दीड वर्षाने तो सापडला. शेवटचं मूल उतरल्यावर रिकाम्या गाडीत, लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसून ताई त्याच्याशी बोलल्या. माणूस वाईट नव्हता. बायको गेलेली, दोन मुली, दोन खोल्यांचं घर. थोरलीसाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि येणाऱ्या लोकांना अशी एक आत्या आहे हेच माहीत नव्हतं. ताई त्याला समजावत राहिल्या की बहीण आता बरी आहे. त्याचे हात स्टिअरिंगवर होते. मग म्हणाला, “तुम्ही तिला बरी झालेली पाहिलीत. मी तिला त्याआधी पाहिलीय.”

ताईंनी हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. पण पाठ काही सोडली नाही. फोन, परत फोन. तो कधी उचलायचा, कधी मुलगी उचलून बाबा बाहेर गेलेत म्हणायची. दर वेळी ताई वॉर्डात जाऊन काजवालीला सांगायच्या, भाऊ सापडला हं, आज बोलला, आज नीट बोलला. ती मान हलवायची आणि दोरा ओवायची.

पुरस्कार ताईंनाच जाहीर झाला. पत्र आलं, सोबत आमंत्रणपत्रिका आणि कार्यक्रमाची रूपरेषा. मोठ्या साहेबांनी ताईंना बोलावून अभिनंदन केलं. ताईंना वाटलं, हीच वेळ आहे. म्हणून त्यांनी खोल्यांच्या फाइलीची आठवण केली. साहेब म्हणाले, ते बघू, आधी कार्यक्रमाचं बोला. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती: ताईंसोबत एक बरी झालेली पेशंट स्टेजवर आणायची, ती दोन मिनिटं बोलेल, लोकांना काम डोळ्यांनी दिसेल. त्यांनी काजवालीचंच नाव घेतलं. त्यांच्या कोटाचे काज तिनेच केले होते.

ताई म्हणाल्या, “ज्या बऱ्या होऊन घरी गेल्या, त्या इथे होत्या हे त्यांच्या शेजाऱ्यांना माहीत नाही. त्यांना मी स्टेजवर आणणार नाही. आणि ज्या इथे आहेत त्यांना आणलं तर कुणीतरी विचारेल, बरी आहे तर अजून तिथे का.”

साहेबांनी पर्याय सुचवला, तिला पाठमोरी बसवू.

ताई खोलीत परत आल्या. खणातल्या सगळ्या पेन्सिली काढून एकेक करून टोक करत बसल्या. सगळ्या संपल्यावर माझ्या टेबलावरच्या नेल्या.

कार्यक्रम होता गुरुवारी. इकडे भाऊ एकदाचा कबूल झाला होता, की येतो, भेटतो, पण बुधवारी सकाळी अकराला, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी घरी नेण्याच्या संमतीचा फॉर्म आधीच भरून ठेवला, फक्त सहीची जागा मोकळी. आणि सोमवारी हॉस्पिटलला फोन आला, प्रमुख पाहुण्यांना गुरुवारी जमत नाही, कार्यक्रम बुधवारी दुपारी होईल. मी कपाळावर हात मारला. ताईंनी भावाला फोन लावला, पुढच्या आठवड्यात जमेल का. तो म्हणाला, आज मी हो म्हणतोय, पुढच्या आठवड्याचं मलाच माहीत नाही.

तेव्हा ताईंनी हिशोब बसवला. अकराला भेट, पाऊण तासात आटपायचं, हॉल तिथून चाळीस मिनिटांवर, त्यांचा नंबर एकला. जमण्यासारखं होतं.

बुधवारी त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या. अकरा वाजले, सव्वाअकरा, साडेअकरा. ताई फाटकापर्यंत जाऊन दोनदा बघून आल्या, गुडघा धरून. बाराला साहेबांचा हॉलवरून फोन, ताई निघाल्या का. मी निघाल्या म्हणून सांगितलं. भाऊ आला बारा वाजून दहा मिनिटांनी. बसने आला होता, दोन बस बदलून. सोबत धाकटी मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची; ती हट्टाने आली होती. तो तारेच्या खुर्चीत बसला, खुर्ची डुगडुगली, तो उठला, परत बसला. मुलगी कपाटाला टेकून उभी राहिली.

सिस्टर काजवालीला घेऊन आल्या. केस नीट विंचरलेले. तिने भावाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि विचारलं की ही धाकटी का. मुलगी हो म्हणाली. मी टाइपराइटरवर उगीच कागद सरळ करत होते.

भावाने पाठ करून आणलं असावं. तो भराभर म्हणाला की थोरलीचं लग्न एकदा पार पडू दे, सहा-आठ महिने, मग मी तुला नेतो. फक्त इथे होतीस हे कुणाला सांगायचं नाही. परगावी नोकरीला होतीस असं म्हणायचं. घरात तुझी सोय स्वयंपाकघरात होईल, तिथे जागा आहे.

ताईंनी श्वास सोडलेला मला कपाटाच्या या बाजूला ऐकू आला. चार वर्षांची मेहनत होती ती. त्यांनी खण उघडला, फॉर्म काढून भावापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं.

“मी नाही येणार,” काजवाली म्हणाली.

ताईंना वाटलं ती लग्न होईपर्यंत थांबायला नको म्हणतेय. त्या समजावायला लागल्या. काजवालीने मान हलवली.

“दादा, राग नाही. पण तुझ्याकडे कुणी आलं की मी आत जाऊन बसणार. गेलं की बाहेर येणार. तसं मी इथे बसतेच आहे.”

भावाने पेन खाली ठेवलं. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखंही दिसत होतं आणि कुणी लाथाडल्यासारखंही. ताई म्हणाल्या, “अगं, पण चार वर्षं मी तुझ्यासाठी...”

“तुम्ही दर वेळी येऊन सांगायचात, भाऊ सापडला, भाऊ बोलला. मला वाटायचं तुम्हालाच तो हवाय.” ती हे टोमणा म्हणून बोलली नाही; चादर कुठे उसवलीय ते सांगावं तशी बोलली. “मला एक खोली पाहिजे. मशीन मावेल एवढी. आणि दाराला आतून कडी.”

“हे आधी का नाही बोललीस?”

“कुणी विचारलं नाही.”

भाऊ पंधरा मिनिटांनी गेला. जाताना त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच थांबून खुर्चीची पाठ धरली. मुलीने मात्र विचारलं, आत्या, मी येत जाऊ का. काजवाली म्हणाली, ये, पण तुझ्या कुर्त्याची शिवण उसवलीय, येताना तो घालून ये.

एकला दहा कमी होते. ऑपरेटरने परत साहेबांचा फोन जोडून दिला. मी ताईंकडे पाहिलं. रिक्षा केली असती तर शेवटच्या भाषणाला तरी पोचल्या असत्या. ताई म्हणाल्या, सांग, येत नाही. मग त्यांनी काजवालीची फाइल काढायला लावली. अकरा वर्षांची, दोन भाग, सुतळीने बांधलेले. ताई वाचत गेल्या, मी ऐकत गेले. ‘भावाच्या जुन्या पत्त्यावर भेट. भाऊ आढळला नाही.’ ‘भावाशी फोनवर संपर्क. प्रतिसाद नाही.’ ‘भावाचे समुपदेशन.’ अशा त्रेचाळीस नोंदी, सगळ्या माझ्याच मशीनवर टाइप झालेल्या. पेशंटला काय हवं ते लिहिलेली एकही नाही. माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, ताई, भावाला शोधणं चूक नव्हतं, फॉर्ममध्ये पहिला प्रश्नच नातेवाइकांचा असतो. त्या माझ्यावर उखडल्या. “फॉर्मचं सांगू नकोस. माझं तोंड शिवलं होतं का? रोज तिच्यासमोर उभी राहायचे. आणि तिकडे माझा सत्कार चाललाय.”

तो सत्कार मोठ्या साहेबांनी स्वीकारला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मानचिन्ह हातात घेतलेले साहेब, आणि खाली ताईंचं नाव. सकाळी साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. अठरा वर्षांत ते दुसऱ्यांदा येत होते. मानचिन्ह ताईंच्या टेबलावर जरा जोरातच ठेवलं आणि बोलायला लागले: संस्थेची शोभा झाली, पाहुण्यांसमोर काय उत्तर द्यायचं, तुम्हाला कशाची किंमतच नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांच्या बोलण्यातून एक गोष्ट बाहेर पडली. दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे संघटनेचे लोक पुढच्या शुक्रवारी विजेत्याचं काम पाहायला येणार होते.

ताई म्हणाल्या की येऊ देत. मी त्यांना वॉर्डातल्या एकोणीस जणी दाखवीन आणि चारदा परत आलेली फाइल दाखवीन. दुसरं दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

साहेबांनी विचारलं, ही धमकी समजायची का. ताईंनी सांगितलं की काय समजायचं ते तुम्ही ठरवा, मी सत्तावन्न वर्षांची आहे, आठ महिन्यांनी घरी जाणार, माझं कुणी काय वाकडं करणार आहे. साहेबांसमोर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. साहेब निघून गेले. मी म्हटलं, संपलं आता. पण चारला शिपाई फाइल घेऊन आला. दोन खोल्या मागितल्या होत्या, एक मंजूर. ‘सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर.’ ताईंनी शेरा दोनदा वाचला. आनंद वगैरे काही झाला नाही. म्हणाल्या, सही करायला एक मिनिट लागतं आणि हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं.

खोली झाडूनपुसून घेतली. शुक्रवारी संघटनेचे लोक आले तेव्हा तिथे काजवाली आणि आणखी दोघींच्या तीन खाटा आणि खिडकीशी मशीन होतं. एका बाईंनी काजवालीला मायेने विचारलं, आता तुम्हाला कसं वाटतंय. काजवाली त्यांच्या कोटाकडे बघत होती. म्हणाली, बाही लांब झालीय तुमची, काढून द्या, वीस मिनिटांत आखूड करून देते. त्यांनी दिलाही. बिचाऱ्या वीस मिनिटं थंडीत उभ्या राहिल्या.

कडीवर मात्र घोडं अडलं. बांधकाम विभागाने कळवलं की पेशंटच्या खोलीला आतून कडी नियमात बसत नाही. ताई तीनदा जाऊन भांडून आल्या. नियम बिनबुडाचा नव्हता, ते त्यांनाही कळत होतं. कुणी आतून कडी लावून जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर? पण या तिघींना घरी जायला योग्य ठरवणारे डॉक्टर याच हॉस्पिटलचे होते. शेवटी ताईंनी खोलीच्या जुन्या दाराची पाहणी केली. तिथे कडीची चार भोकं होती. त्यांनी पत्र दिलं की सदर खोली कर्मचारी निवासाची असून तिची कडी निघाली आहे, ती पूर्ववत करावी. दुरुस्ती नियमात बसत होती. पाच आठवड्यांनी सुतार आला.

कडी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी दार बंद. सिस्टरने हाका मारल्या, मला फोन केला, ताई लंगडत धावल्या. साडेआठला कडी निघाली. काजवाली आणि दोघी डोळे चोळत उभ्या. त्यांना झोप लागली होती, एवढंच. वॉर्डात सकाळी सहालाच दिवे लावून उठवतात. ताई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या की उद्यापासून आठला दारावर टकटक करायची, त्याआधी नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. तिघींतल्या एकीने दोन महिन्यांत औषधं बंद केली आणि तिला परत वॉर्डात आणावं लागलं. साहेबांनी लगेच विचारलं, प्रयोग फसला का. भाची दोनदा आली, कुर्ता शिवून घेऊन गेली, मग बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत येणं थांबलं. भाऊ आला नाही. काजवालीला बाहेरच्या एका दुकानातून गणवेशांचे काज करायचं काम मिळालं, ती रोज स्वतः जाऊन आणते. आणि ताईंच्या निवृत्तीनंतर त्यांचं पद भरायचं नाही असा आदेश आला. तो मीच टाइप केला, तीन प्रती.

राहिलेले महिने ताईंनी वॉर्डात स्टूल घेऊन बसण्यात घालवले. उरलेल्या सतरा जणींना एकेक करून विचारायचं, तुला काय हवंय. हे काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण कित्येक जणींना तो प्रश्नच समजला नाही. त्या म्हणायच्या, तुम्ही म्हणाल तसं. एकीला फक्त आरसा हवा होता. एकीला खरंच घरी जायचं होतं, आणि तिच्या घराचं दार बंद होतं. एक जण दहा दिवस काही बोललीच नाही. ताई रोज जाऊन बसायच्या, ती भिंतीकडे तोंड करायची. अकराव्या दिवशी ती म्हणाली की मला कुठेच जायचं नाही, शेजारच्या खाटेवरची माझी मैत्रीण आहे, तिच्याजवळच राहू द्या.

ताई खोलीत आल्या, तारेच्या खुर्चीतच बसल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं त्यांनी बायकांना इथून बाहेर काढायचा आटापिटा केला होता.

“हिचं काय लिहायचं?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, ती म्हणाली तेच. आणि कागद मशीनला लावला.